कार्डाने ट्यूशन भरताय? पॉइंट्सच्या नादात या चुका टाळा

अमेरिकेत लॉ, मेडिकल किंवा डेंटल स्कूलच्या एका सेमिस्टरच्या ट्यूशनचं, म्हणजे शिक्षण शुल्काचं, बिल पंचवीस-तीस हजार डॉलरच्या घरात सहज जातं. एवढा खर्च होणारच आहे, तर रिवॉर्ड्स कार्डावर टाकून पॉइंट्स का मिळवू नयेत, हा विचार कुणाच्याही मनात येतो. विचार चुकीचा नाही, फक्त हिशोब अर्धवट असतो.

सगळं बिल कार्डावर टाकणं

सर्वांत जास्त पैसे इथेच जातात. कार्डाने ट्यूशन घेणारी बहुतेक विद्यापीठं वर २.५ ते ३ टक्के सर्व्हिस फी लावतात. ही फी सहसा पेमेंट हाताळणारी बाहेरची कंपनी घेते, त्यामुळे बर्सर ऑफिसकडे, म्हणजे विद्यापीठाच्या फी विभागाकडे, कितीही विनवण्या केल्या तरी ती माफ होत नाही. ई-चेकने, म्हणजे थेट बँक खात्यातून भरलं, तर ही फी बहुधा लागत नाही. डेबिट कार्डाला मात्र बऱ्याच ठिकाणी लागते, हे लक्षात ठेवा.

आता आकडे मांडू. बिल २४,००० डॉलर आणि फी २.८५ टक्के असेल, तर फीच झाली ६८४ डॉलर. ट्यूशन हा खर्च कार्डांच्या जादा पॉइंट्स देणाऱ्या गटांत सहसा बसत नाही. म्हणजे हाती पडणार एक ते दोन टक्के. दीड टक्का धरला तरी ३६० डॉलर परत मिळाले आणि ३२४ डॉलर पदरचे गेले. विमानाच्या तिकिटात पॉइंट्सची किंमत जास्त निघते असं म्हणणारे भेटतील. निघतेही कधीकधी. पण परीक्षा आणि हॉस्पिटलमधल्या रोटेशनच्या वेळापत्रकात अडकलेल्या विद्यार्थ्याला हव्या त्या तारखेचं तिकीट पॉइंट्सवर मिळेल, यावर मी हिशोब बांधणार नाही.

गणित जमतं ते नव्या कार्डावर मिळणाऱ्या वेलकम बोनसमध्ये. समजा, तीन महिन्यांत ४,००० डॉलर खर्च केले की एक कार्ड ६०,००० पॉइंट्स देतं आणि त्यांची रोख किंमत ६०० डॉलर आहे. ट्यूशनमधले फक्त ४,००० डॉलर या कार्डावर भरले तर फी होते ११४ डॉलर. उरलेले २०,००० ई-चेकने. कार्डाची वार्षिक फी वजा केल्यावरही हातात चांगली रक्कम राहते. बहुतेक पोर्टल बिल असं तुकड्यांत भरू देतात. अट पुरी करताना शंभरेक डॉलर जास्तच टाका, कारण वार्षिक फी त्या ४,००० मध्ये मोजली जात नाही.

बिल आल्यावर कार्डासाठी अर्ज करणं

बोनसची मुदत बहुतेक वेळा खातं मंजूर झाल्या दिवसापासून सुरू होते, कार्ड पोस्टाने हातात पडल्यापासून नाही. ट्यूशनची बिलं साधारण ऑगस्ट आणि जानेवारीत भरायची असतात, तेव्हा तीन-चार आठवडे आधी अर्ज केलेला बरा. त्याहून आधी बर्सर ऑफिसच्या पानावर तीन गोष्टी पाहा: कार्ड घेतात का, कुठल्या नेटवर्कचं (व्हिसा, मास्टरकार्ड वगैरे) घेतात आणि फी किती. काही विद्यापीठं ट्यूशनसाठी कार्ड घेतच नाहीत, आणि हे नवं कार्ड खिशात आल्यावर कळून उपयोग नाही.

कार्डालाच लोन समजणं

१ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस लोन, म्हणजे शिक्षणाच्या पूर्ण खर्चापर्यंत मिळणारं फेडरल कर्ज, बंद करण्याचा कायदा २०२५ मध्ये झाला. प्रोफेशनल स्कूलसाठी फेडरल कर्जाची मर्यादा वर्षाला ५०,००० आणि एकूण २ लाख डॉलर ठरली आहे. महागड्या मेडिकल किंवा डेंटल स्कूलचा खर्च त्यात भागत नाही आणि वरची तूट कार्डावर ढकलायचा मोह होतो.

तिथे मी ठाम 'नको' म्हणेन. २०२५-२६ साठी ग्रॅज्युएट आणि प्रोफेशनल विद्यार्थ्यांच्या फेडरल डायरेक्ट अनसबसिडाइज्ड लोनचा दर ७.९४ टक्के होता. कार्डाचं व्याज आज वीस टक्क्यांच्या वर जातं. शिवाय कार्डाच्या थकबाकीला उत्पन्नानुसार हप्ता नाही आणि सरकारी किंवा ना-नफा संस्थेत नोकरी करून मिळणारी कर्जमाफीही नाही. शून्य टक्के व्याजाची ऑफर असली तरी ती पंधरा-अठरा महिन्यांत संपते, आणि तुमचं शिक्षण तीन-चार वर्षांचं. जेवढे पैसे आज बँकेत पडून आहेत, तेवढेच कार्डावर टाका आणि स्टेटमेंट आल्यावर पूर्ण भरा.

रिफंड कुठे जाणार, हे न विचारणं

आधी कार्डाने भरलं आणि मग स्कॉलरशिप किंवा लोनची रक्कम जमा झाली, की खात्यावर जादा पैसे दिसतात. ते तुमच्या बँकेत येतील असं गृहीत धरू नका. अनेक ठिकाणी कार्डाने भरलेली रक्कम त्याच कार्डावर परत जाते. मग पॉइंट्स वजा होतात, बोनसची अट मोडू शकते आणि सर्व्हिस फी मात्र परत येत नाही. कोर्स सोडला तरी हेच. पैसे भरण्याआधी बर्सर ऑफिसला ईमेल करून लेखी उत्तर घ्या.

अडलं तर

मोठी रक्कम एकदम आली की बँकेची यंत्रणा फसवणुकीच्या संशयाने व्यवहार अडवते. लगेच पुन्हापुन्हा प्रयत्न करू नका. बँकेचा मेसेज आला असेल तर 'होय' कळवा, नाहीतर कार्डामागच्या नंबरवर फोन करा आणि मगच परत भरा. क्रेडिट लिमिट बिलापेक्षा कमी असेल तर थोडी रक्कम भरा, ती कार्डावर चुकती करा, लिमिट मोकळी झाली की पुढची. दरवेळी फी टक्केवारीनेच लागते, त्यामुळे तुकडे केल्याने ती सहसा वाढत नाही.

घरभाड्याचा किंवा खाजगी कर्जाचा अर्ज त्याच सुमारास करायचा असेल, तर स्टेटमेंट निघण्याच्या आधीच कार्डाची बाकी भरून टाका. लिमिट जवळपास पूर्ण वापरल्याची नोंद क्रेडिट ब्यूरोपर्यंत, म्हणजे कर्जाचा इतिहास ठेवणाऱ्या कंपन्यांपर्यंत, पोचली की क्रेडिट स्कोअर उतरतो. पुढच्या महिन्यात तो बहुधा सावरतो, पण घरमालक तोवर थांबत नाही.