‘पे इट फॉरवर्ड’ वर्गात दाखवायचा असेल तर

मिमी लेडर यांचा ‘पे इट फॉरवर्ड’ (२०००) हा नववी-दहावीच्या मुलांना आवर्जून दाखवावा असा चित्रपट आहे. मात्र नुसता लावून दिला तर मुलं शेवटी डोळे पुसतात आणि घरी जातात. एकाने तिघांचं भलं करायचं आणि त्या तिघांनी परतफेड न करता आणखी तिघा-तिघांचं, ही त्यातली कल्पना त्यांच्या हाती लागायला थोडी तयारी हवी.

आधी शिक्षकाने तो एकट्याने पूर्ण पाहावा. अमेरिकेत त्याला पीजी-१३ प्रमाणपत्र आहे, म्हणजे तेरा वर्षांखालच्या मुलांबाबत पालकांनी सावध राहावं असा इशारा. ही कल्पना ज्याला सुचते त्या शाळकरी ट्रेव्हरची आई दारू सोडायला धडपडते आहे, बाप मारझोड करणारा आहे. समाजशास्त्राचे शिक्षक युजीन यांच्या चेहऱ्यावर भाजल्याचे व्रण आहेत आणि त्यामागची हकिगत अंगावर येते. पुलावरून उडी घ्यायला निघालेली बाई आहे, काही प्रणयप्रसंग आहेत आणि शेवटी चाकूहल्ला. यातलं काहीतरी घरीच भोगणारं मूल वर्गात असू शकतं. म्हणून पालकांना आठवडाभर आधी चिठ्ठी द्या. शेवट दुःखद आहे एवढं मुलांना सांगून ठेवा, कसा ते सांगू नका.

चित्रपट १२३ मिनिटांचा आहे. तो तासिकांमध्ये तोडू नका. शनिवारी एका बैठकीत, मध्ये पंधरा मिनिटांची सुट्टी देऊन दाखवा. इंग्रजी सबटायटल्स लावा, आणि लॅपटॉपच्या आवाजावर न विसंबता स्पीकर जोडा, कारण महत्त्वाचं बरंचसं हळू आवाजात बोललं जातं. चर्चेसाठी अर्धा तास राखून ठेवा. शेवटच्या दृश्यावरून मुलांना थेट घरी पाठवणं बरं नाही.

मुलं हमखास गोंधळतात ती काळाच्या उड्यांमुळे. सुरुवातीला लॉस एंजेलिसमध्ये पत्रकार चँडलरच्या गाडीचा चुराडा होतो आणि एक अनोळखी माणूस त्याला आपली नवी जॅग्वार देऊन टाकतो. त्यानंतर गोष्ट मागे, लास व्हेगासमध्ये, ट्रेव्हरच्या शाळेत जाते. हे आधीच सांगा. मध्यंतरात फळ्यावर साखळी उलटी लिहायला घ्या: चँडलर, त्याला गाडी देणारा वकील, इस्पितळात वकिलाच्या लेकीला उपचार मिळवून देणारा तरुण. पुढची नावं चित्रपट संपल्यावर मुलांनाच भरू द्या. ट्रेव्हरची आजी आणि आई त्यांना सापडतातच.

एके ठिकाणी मात्र थांबवायलाच हवं. युजीन गृहपाठ देतात, ‘जग बदलेल अशी कल्पना शोधा आणि ती अमलात आणा’, तिथे. मुलांना पाच मिनिटांत स्वतःचं उत्तर लिहू द्या आणि मगच पुढे जा. ट्रेव्हर फळ्यावर एक गोल काढतो, खाली तीन, त्यांच्याखाली आणखी तीन-तीन. स्वतःचं उत्तर लिहिलेलं मूल ही आकृती वेगळ्याच नजरेने पाहतं. त्याच्या अटीही टिपून घ्यायला सांगा: मदत मोठी असावी, आणि समोरच्याला जे स्वतःहून जमत नाही तेच करावं.

चर्चेत गणित घ्या. १, ३, ९, २७ असं जात पहिल्या एकानंतरच्या दहाव्या पायरीला ५९,०४९ माणसं होतात, पण प्रत्येकाने शब्द पाळला तरच. हे फाशाने दाखवता येतं. फळ्यावर तीन गोलांपासून सुरुवात करा. प्रत्येक गोलासाठी तीनदा फासा टाका. ५ किंवा ६ पडला तरच खाली नवा गोल. अशा पाच फेऱ्या करा. इथे सरासरी एकातून एकच निघतो, त्यामुळे साखळी रेंगाळते. फक्त ६ चालेल असं ठरवलं तर ती बहुधा लवकरच विझते. ४, ५, ६ चालवले तर बहुतेक वेळा फळा पुरत नाही. तिघांपैकी एकाहून जास्त जणांनी पुढे नेलं तरच वाढ होते, हे मुलांना स्वतः दिसतं. मग जेरीकडे या. हा व्यसनी, बेघर माणूस पुन्हा नशेकडे वळतो आणि ट्रेव्हरला वाटतं, आपलं फसलं. पुलावरच्या बाईला थांबवतो तो जेरीच, पण ते ट्रेव्हरला दिसत नाही.

त्यानंतर प्रत्यक्ष काम. ट्रेव्हर जेरीला थेट घरी आणतो आणि आई धास्तावते. तिची भीती रास्त आहे. म्हणून नियम आधी ठरवा: अनोळखी माणसाला घरी आणायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत, एकट्याने जायचं नाही, घरच्या मोठ्या माणसाला सांगून जायचं. कामं ठोस हवीत. शेजारच्या आजोबांसोबत नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत जाणं, पाचवीतल्या मुलाला महिनाभर अपूर्णांक शिकवणं, वापरलेली पुस्तकं बांधून पुढच्या वर्गातल्या गरजूला देणं. ‘सगळ्यांशी चांगलं वागेन’ असं कोणी लिहिलं तर वही परत करा आणि कोणाशी, कधी, काय, ते विचारा.

याच कल्पनेवर तेलुगूत ‘स्टालिन’ (२००६) आणि हिंदीत ‘जय हो’ (२०१४) आले. पण त्यांत हाणामारीच जास्त आहे, वर्गासाठी मूळ चित्रपटच घ्यावा.

फोटो, प्रमाणपत्रं आणि गुण यांतलं काहीही ठेवू नका. गुण आले की मुलं मदत मोजायला लागतात आणि ज्याला मदत झाली तो माणूस पुराव्यापुरता उरतो. सहा आठवड्यांनी एक तास ठेवा. मुलांनी नाव न घालता चिठ्ठीवर तीनच गोष्टी लिहाव्यात: काय केलं, काय अडलं, समोरच्याने पुढे काही केल्याचं कळलं का. तिसरी जागा बहुतेक चिठ्ठ्यांवर कोरी येईल, ती तशीच राहू द्या.