गुडघेदुखीवर फिजिओथेरपी: घरी करायचे व्यायाम, त्यांची मात्रा आणि नेहमी होणाऱ्या चुका

सकाळी उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं गुडघे आखडलेले, जिना उतरताना कळ, खुर्चीतून उठताना मांडीवर हात टेकावा लागणं. पन्नाशीनंतर हळूहळू सुरू झालेली अशी गुडघेदुखी बहुतेक वेळा सांध्याच्या झिजेची, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिसची असते. पुढचे व्यायाम अशा गुडघ्यासाठी आहेत. झिजलेली कूर्चा (सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) व्यायामाने भरून येत नाही, हे आधीच स्पष्ट सांगायला हवं. पण दुखणं एकट्या कूर्चेवर ठरत नाही. एक्स-रेमध्ये भरपूर झीज दिसणारी कितीतरी माणसं आरामात चालतात, तर थोडीशीच झीज असलेल्या काहींना उठवत नाही. त्यामागच्या कारणांपैकी आपल्या हातात असलेलं एक मोठं कारण म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूची, क्वाड्रिसेप्सची ताकद. गुडघा दुखतो म्हणून चालणं कमी होतं, सांध्यात पाणी झालं की शरीर आपोआपच हा स्नायू ढिला ठेवतं, स्नायू बारीक होतो, आणि मग प्रत्येक पावलाचा धक्का सांध्यावर जास्त बसतो. हे चक्र व्यायामाने तुटतं.

व्यायामाला हात घालण्याआधी डॉक्टरांकडे जायलाच हवं अशा काही गोष्टी आहेत: गुडघा लाल-गरम होऊन सुजला आहे आणि ताप आहे, पडल्यावर किंवा मुरगळल्यावर पायावर भार देता येत नाही, गुडघा मध्येच अडकतो आणि सरळच होत नाही, एकाच पायाची पोटरी सुजून दुखते आहे. गुडघा दाबून कुठेच दुखत नाही, पण खुबा फिरवला की गुडघ्यात कळ येते, असं असेल तर मूळ दुखणं खुब्यात असू शकतं. तेही तपासून घ्या. नुसता कटकट आवाज येतो आणि दुखत नाही, तर काळजीचं कारण नाही.

मशीन आणि शेक

क्लिनिकमध्ये मिळणारं ‘करंट’ किंवा ‘लाइट’ म्हणजे त्वचेवरून सौम्य वीज देणारं टेन्स किंवा आयएफटी, ध्वनिलहरींचं अल्ट्रासाउंड किंवा खोलवर शेक देणारी शॉर्टवेव्ह डायथर्मी. यांनी काही काळ दुखणं कमी होऊ शकतं. त्या वेळात व्यायाम करून घ्यायचा, हा त्यांचा खरा उपयोग. दहा सिटिंग झाल्या, रोज मशीन लावलं आणि एकही व्यायाम शिकवला नाही, तर उपचार अर्धेच झाले. तिथेच व्यायाम मागून घ्या. पेसमेकर असेल, शरीरात शस्त्रक्रियेचा धातू असेल, तर मशीन लावण्याआधी न विसरता सांगा.

घरी आखडलेपणासाठी गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून १५ ते २० मिनिटं. गुडघा सुजलेला आणि हाताला गरम लागत असेल तर बर्फ, तोही कापडातून, १० ते १५ मिनिटं. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांना चटका बसलेला कळत नाही. त्यांनी पिशवी आधी हाताने तपासावी आणि दर पाच मिनिटांनी त्वचा बघावी. आधी शेक, मग व्यायाम, हा क्रम सोयीचा.

पहिले दोन आठवडे: गादीवरचे व्यायाम

गुडघा दाबणे (स्टॅटिक क्वाड्स). पाठीला भिंत किंवा तक्क्या घेऊन पाय पसरून बसा. नॅपकीन मनगटाएवढा जाड गुंडाळून गुडघ्याखाली ठेवा. चवडा स्वतःकडे ओढा आणि गुडघ्याने गुंडाळी खाली दाबा. ५ सेकंद धरा, सोडा. असं १० वेळा, दिवसातून तीनदा. जमायला लागलं की १० सेकंदांपर्यंत वाढवा.

दिसायला हा व्यायाम अगदीच किरकोळ आहे, म्हणून तो बहुतेक जण उरकून टाकतात. नीट होतोय की नाही हे कळण्यासाठी गुडघ्याच्या वाटीच्या जरा वर, आतल्या बाजूला दोन बोटं ठेवा. दाबताना तिथलं मांस टणक झालं पाहिजे आणि वाटी मांडीच्या दिशेने किंचित वर सरकली पाहिजे. मांस मऊच राहिलं तर तुम्ही टाच किंवा नितंब दाबताय. अशा वेळी आधी चांगल्या पायाने करून बघा, हाताखाली काय जाणवतं ते लक्षात घ्या, मग दुखऱ्या पायाला तेच करायला लावा. श्वास रोखू नका. आकडे मोठ्याने मोजले की श्वास आपोआप चालू राहतो. रक्तदाब असलेल्यांनी हे कटाक्षाने पाळावं.

सरळ पाय उचलणे. उताणे झोपा. चांगला पाय गुडघ्यात वाकवून तळवा गादीवर टेकवा, म्हणजे कमरेवर ताण येत नाही. दुखऱ्या पायाचा गुडघा आधी ताठ करा आणि मगच पाय साधारण ३० सेंटिमीटर उचला. ५ सेकंद धरा आणि ३ मोजत सावकाश खाली आणा. १० वेळा, दोन फेऱ्या. उचलताना गुडघा थोडा वाकला तर स्नायू अजून या व्यायामाला तयार नाही. मग आठवडाभर सोपा प्रकार करा: लोड किंवा जाड गुंडाळी गुडघ्याखाली ठेवायची आणि गुडघा तिथेच टेकलेला ठेवून फक्त टाच उचलून पाय सरळ करायचा.

कुशीवरून पाय उचलणे. दुखरा पाय वर येईल अशी कूस घ्या, खालचा गुडघा वाकवा. वरचा पाय सरळ, किंचित मागे, बोटं समोर. एक वीतभर उचला, ३ सेकंद थांबा, १० वेळा. हा खुब्याच्या बाजूच्या स्नायूचा व्यायाम. तो कमजोर असला की चालताना शरीर डुलतं आणि गुडघा आत ओढला जातो. इथली नेहमीची चूक म्हणजे अंग मागे कलणं आणि बोटं छताकडे वळणं. भिंतीला पाठ लावून केलं की ती टळते.

दोन्ही गुडघे वाकवून कंबर उचलण्याचा व्यायाम (ब्रिजिंग) सोबत करा, १० वेळा.

तिसऱ्या आठवड्यापासून: उभ्याने

खुर्चीतून उठ-बस हा सगळ्यांत कामाचा व्यायाम, कारण दिवसभर आपण तेच करतो. हात नसलेली, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. नेहमीची खुर्ची साधारण ४५ सेंटिमीटर उंच असते. तिच्यावरून हात न टेकता उठवत नसेल तर घट्ट उशी किंवा घडी घातलेली चादर ठेवून उंची वाढवा. पावलं खुब्याइतक्या अंतरावर, टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे. नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे झुका आणि उठा. बसताना ३ मोजत या, धपकन अंग टाकू नका, कारण सावकाश बसण्यानेही ताकद वाढते. ८ ते १० वेळा, दोन फेऱ्या. जमलं की दर आठवड्याला चादरीची एक घडी कमी करा.

आरशासमोर बघा: उठताना गुडघे एकमेकांकडे झुकतात का? झुकत असतील तर खुब्याचा व्यायाम वाढवा आणि उशी पुन्हा ठेवा. बहुतेक जण नकळत सगळा भार चांगल्या पायावर टाकतात आणि दुखरा पाय तसाच कमजोर राहतो. दुखऱ्या पायाचं पाऊल चार बोटं मागे घेतलं की त्याला काम करावंच लागतं.

पुढची पायरी म्हणजे पाटावर चढ-उतार. भिंत किंवा ओटा धरून, न घसरणाऱ्या पाटावर दुखरा पाय ठेवून वर या आणि सावकाश उतरा, १० वेळा. मग १५ सेंटिमीटरची पायरी. ओटा धरून टाचा उचलणंही १० वेळा करा.

शेवटी पोटरी आणि मांडीच्या मागचा भाग ताणून घ्या. प्रत्येक ताण ३० सेकंद, तीन वेळा, झटके न देता.

मात्रा कशी ठरवायची

० म्हणजे अजिबात नाही आणि १० म्हणजे असह्य, असं धरून दुखणं मोजा. व्यायाम करताना ३ पर्यंत दुखलं तरी चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्वपदावर आलं पाहिजे. सकाळी जास्त दुखलं किंवा सूज वाढली तर व्यायाम बंद करू नका, फेऱ्या निम्म्या करा. मांडीचं मांस दुखत असेल तर ती स्नायूंची नवी मेहनत आहे, दोन-तीन दिवसांत जाते.

पाय उचलण्याच्या व्यायामात फेऱ्या वाढवत १० च्या तीन सहज झाल्या की घोट्याला अर्धा किलोचा वेट कफ (वजनाचा पट्टा) बांधा. कफ नसेल तर जुन्या मोज्यात अर्धा किलो तांदूळ भरून गाठ मारा. वजनाचे आणि उभ्याचे व्यायाम एक दिवसाआड, गुडघा दाबण्याचा रोज. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. अनेक जण तिसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडतात, ही फार वाईट वाटणारी गोष्ट आहे, कारण स्नायू तेव्हा कुठे जागा होत असतो.

दिवसभरात

रात्री गुडघ्याखाली उशी ठेवून झोपू नका. आराम वाटतो खरा, पण काही आठवड्यांत गुडघा पूर्ण सरळ होईनासा होऊ शकतो आणि वाकलेल्या गुडघ्याने चालताना दुखणं वाढतं. नी कॅप चालताना घाला, झोपताना काढा. वजन जास्त असेल तर कमी केलेल्या प्रत्येक किलोमागे दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी कमी होतो.

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. हात सरळ खाली सोडल्यावर मनगटाच्या रेषेपर्यंत मूठ आली की उंची बरोबर. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा.

दुखणं जोरात असेपर्यंत उकिडवं बसणं टाळा: कमोड किंवा कमोड खुर्ची वापरा, विळी ओट्यावर घ्या, खुरपणीला बुटकं स्टूल घ्या. पूजेला किंवा पंगतीला खाली बसलातच, तर उठताना आधी कुशीवर वळा, दोन्ही हात आणि गुडघ्यांवर या, समोरच्या खुर्चीवर हात ठेवा, चांगल्या पायाचा तळवा पुढे टेकवा आणि हातांनी रेटा देत उठा. गुडघ्यावर टेकताना खाली घडी घातलेली चादर असू द्या.