ट्रॅक्टरचा फॅन फिरत नाही? मोटर बदलण्याआधी या चुका टाळा

इंजिन तापलं आणि इलेक्ट्रिक फॅन बंद दिसला की पहिला बळी मोटरचा जातो. कप्लर (मोटरच्या वायरींचा जोड) काढायचा, मल्टिमीटर लावायचा, 12.5 व्होल्ट दिसले की निकाल तयार: "सप्लाय ठीक, मोटर गेली." अहो, लोडच नसेल तर आतल्या एकाच बारीक तारेवर लटकलेली वायरही पूर्ण व्होल्टेज दाखवते! फॅन 10-20 अँपिअर ओढायला लागला की तिचं पितळ उघडं पडतं.

म्हणून कप्लर जोडलेलाच ठेवा आणि फॅनला सप्लाय चालू असताना कप्लरच्या मागून मीटरची पिन घालून मोजा. बॅटरीवर 12.5 आणि मोटरवर 7.8 आले, तर मधले 4.7 गेले कुठे? मीटरची एक पिन मोटरच्या निगेटिव्हवर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर लावा. तिथे 4.3 दिसले तर चोर अर्थमध्ये, म्हणजे मोटरपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतच्या परतीच्या वाटेत आहे. बहुतेक वेळा अर्थचा लग (वायरच्या टोकाची कडी) रंगावरच आवळलेला असतो. अशा ट्रॅक्टरवर रिले (फॅनला करंट जोडणारा स्विच), थर्मोस्विच (ठरलेल्या तापमानाला फॅन सुरू करणारा स्विच), मोटर सगळं नवं बसवलं तरी फॅन रडतच राहतो. बोल्ट काढा, रंग खरवडून लोखंड चकचकीत करा, आवळा, वरून व्हॅसलिन लावा. अर्थ बाजूला 0.2, पॉझिटिव्ह बाजूला 0.5 व्होल्टपेक्षा जास्त घट मी तरी चालवून घेत नाही.

मोटरवर बॅटरीइतकेच व्होल्ट आहेत आणि तरी पाती हलत नाहीत, तेव्हाच मोटरला दोष द्या. त्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढून पाती हाताने फिरवून बघा. काही ट्रॅक्टरवर चावी बंद असतानाही फॅन सुरू होतो, बोटं सांभाळा.

दुसरी आवडती चूक म्हणजे थर्मोस्विचच्या दोन वायरी पिळून फॅन कायमचा "डायरेक्ट" करणे. तपासायला दोन मिनिटं जोडा, हरकत नाही. पण छोट्या ट्रॅक्टरचा अल्टरनेटर छोटाच असतो. फॅन सतत आणि वर हेडलाइट, मग सकाळी बॅटरी बसलेली. स्विच पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसह तापवा आणि त्यावर कोरलेल्या तापमानाला जोडतो का ते बघा. चांगला निघाला तर कूलंटची पातळी पाहा (झाकण इंजिन गार झाल्यावरच). स्विचच्या टोकाशी हवा अडकली असेल तर त्याला उष्णता कळणार कशी? एका वायरचा स्विच आट्यांमधूनच अर्थ घेतो, त्याला टेफ्लॉन टेप गुंडाळलीत तर तोच रस्ता बंद.

फ्यूज उडतो म्हणून 30 च्या जागी 40 चा टाकू नका, वायर जळेल.

नवी मोटर उलट्या वायरींनी जोडली तर फॅन फिरतो, पण हवा उलटी जाते. रेडिएटरच्या जाळीसमोर कागद धरा. ओढणाऱ्या फॅनवर तो चिकटलाच पाहिजे. बरोबर फिरूनही चिकटत नसेल तर जाळी भुशाने भरली आहे. हवा इंजिनच्या बाजूने बाहेर मारा, कमी दाबाने. घाईत जोर लावला की पत्र्या आडव्या होतात, मग त्या एकेक सरळ करत बसा.