क्रॉफर्ड मार्केट ते मुंबादेवी: वारसाफेरी कशी न्यावी

मुंबईच्या जुन्या बाजारपेठेतून दहा-बारा जणांना फिरवून आणायचे असेल, तर सनावळी पाठ करण्याआधी एक दिवस एकट्याने तो रस्ता चालून यावे आणि माणसांना थांबवून बोलता येईल अशा जागा हेरून ठेवाव्यात. शेख मेमन स्ट्रीटवर ओझ्याची पाटी घेतलेला हमाल किंवा कापडाच्या गाठींनी भरलेली हातगाडी तुमचे वाक्य संपेपर्यंत थांबणार नाही आणि तिने थांबावे अशी अपेक्षाही करू नये. म्हणून लांबलचक कथन मोकळ्या जागेत उरकावे आणि गल्लीत शिरल्यावर फक्त बोट दाखवावे. बारापेक्षा अधिक माणसे आली, तर दोन तुकड्या करून दुसरी अर्ध्या तासाने सोडावी.

सोमवार ते शनिवारपैकी एखादा दिवस निवडावा. रविवारी बहुतेक दुकानांची दारे बंद असल्याने वरचे मजले, लाकडी सज्जे आणि कोरीव कठडे निवांत पाहता येतात खरे. परंतु व्यवहार नसलेला बाजार दाखवून काय साधते, असा प्रश्न मला नेहमी पडतो. शुक्रवारी जुम्याच्या नमाजाची वेळ आणि दिवाळीपूर्वीचे पंधरा दिवस मात्र टाळावेत. सकाळी साडेनऊला निघाल्यास क्रॉफर्ड मार्केटची मंडई जागी झालेली मिळते आणि उशिरा उघडणाऱ्या कापडाच्या पेढ्यांपर्यंत पोहोचेतो त्यांच्याही गाद्या घातल्या गेलेल्या असतात.

फेरीचा आरंभ मंडईपाशी न करता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या समोर करावा. मुंबादेवीचे जुने देऊळ याच परिसरात होते आणि किल्ल्याभोवतीची जागा मोकळी करण्यासाठी अठराव्या शतकात ते उत्तरेकडे हलवावे लागले, एवढे येथे सांगून ठेवावे. शेवटच्या थांब्यावर ते उपयोगी पडते. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ दरम्यान, कापसाच्या भावाने मुंबईत पैसा ओतला, गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याचे तट पाडले गेले आणि गोऱ्यांचा कोट व देशी लोकांची वस्ती यांच्यामधली मोकळी जागा बांधकामासाठी खुली झाली. क्रॉफर्ड मार्केट नेमके या सांध्यावर उभे आहे. टर्मिनसपासून चालत दहा-बारा मिनिटांत ही मंडई येते.

मंडईबाहेर, रस्ता ओलांडण्यापूर्वी, सर्वांत अधिक वेळ द्यावा. विल्यम इमर्सन यांनी आराखडा केलेली ही इमारत १८६९ मध्ये पूर्ण झाली. कुर्ल्याचा पिवळसर आणि वसईचा तांबडा दगड यांतला फरक उन्हात स्पष्ट दिसतो, म्हणून घड्याळाच्या मनोऱ्याखाली जाण्याआधी दुरूनच तो दाखवावा. प्रवेशद्वाराच्या कमानींवरील शिल्पपट्ट जे. जे. कलाशाळेतील शिक्षक जॉन लॉकवूड किपलिंग यांचे असून त्यांत कष्टकरी शेतकरी कोरलेले आहेत. पुष्कळ मार्गदर्शक येथे त्यांच्या लेखक मुलाविषयीच बोलत राहतात. त्यापेक्षा मंडईच्या दोन नावांची गोष्ट सांगावी. आर्थर क्रॉफर्ड हे मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर. पुढे मध्य विभागाचे कमिशनर असताना त्यांच्यावर लाचखोरीचे आरोप झाले, १८८८ मध्ये पुण्यात चौकशी आयोग बसला आणि त्यांना पैसे दिल्याची कबुली देणाऱ्या मामलेदारांची बाजू टिळकांनी लावून धरली. आयोगाने लाचेच्या आरोपातून सोडले, तरी नोकरी गेलीच. त्याच वर्षी, ११ मे १८८८ रोजी, येथून जवळच मांडवी कोळीवाड्यात जोतीराव फुले यांना जनतेने ‘महात्मा’ ही पदवी दिली. आज शेतकऱ्यांच्या त्या शिल्पपट्टांखालच्या मंडईला, शेतकऱ्यांच्या दैन्यावर लिहिणाऱ्या फुल्यांचे नाव आहे. लोकांच्या तोंडी मात्र क्रॉफर्डच राहिला.

आत गेल्यावर गाळेवाल्यांच्या गिऱ्हाइकांना अडवू नये. छताखालचे लोखंडी काम मान वर करून पाहावे, इमर्सन यांनीच आराखडा केलेल्या कारंज्याची विचारपूस करावी आणि डागडुजीची कामे चालू असल्यास कुठपर्यंत जाता येईल हे आदल्या दिवशीच पाहून ठेवावे. फळांचा मोठा घाऊक व्यापार १९९० च्या दशकात वाशीला गेला, तरी आंब्याच्या दिवसांत पेट्यांचा आणि गवताचा वास येथे अजून भेटतो. फोटो काढण्याआधी विचारावे. पाव किलो काहीतरी विकत घेतले, तर गप्पाही होतात.

तेथून शेख मेमन स्ट्रीटला वळले की रस्ता अरुंद होत जातो आणि तो बदल सांगावा लागत नाही. मंगलदास मार्केटमधून एका दाराने शिरून दुसऱ्याने बाहेर पडावे, मधे थांबल्यास तुकडी फुटते. जुमा मशीद १८०२ मध्ये पूर्ण झाली. तिच्या पोटात जुना तलाव आहे आणि इमारतीचा भार पाण्यातून उठणाऱ्या कमानी पेलतात. मात्र आगाऊ परवानगी घेतली असेल, तरच आत न्यावे, नाहीतर बाहेरून नमस्कार करून पुढे जावे. मूळजी जेठा मार्केटची दारे ओझरती दाखवावीत. झवेरी बाजारात पहारेकरी सावध असतात, तेथे कॅमेरा पिशवीत ठेवायला सांगावे आणि काचेपलीकडच्या सोन्यापेक्षा वरच्या खोल्यांत काम करणाऱ्या कारागिरांकडे लक्ष वेधावे.

मुंबादेवीच्या देवळापाशी सकाळची अर्धी राहिलेली गोष्ट पुरी करावी: देवी ज्या बाजूने आली, त्याच बाजूने आपणही चालत आलो. ज्यांना दर्शन घ्यायचे त्यांना रांगेत लागू द्यावे आणि फेरी येथेच मोडावी. त्याच गर्दीतून सगळ्यांना परत नेऊ नये; पूर्वेला मस्जिद आणि पश्चिमेला मरीन लाइन्स, ज्याला जी गाडी सोयीची त्याने त्या स्थानकाची वाट धरावी.