सडलेला सायलेन्सर घरी बदलताना

पाऊस ओसरला आणि आमची वॅगनआर फडफडायला लागली. भांडुपला सोसायटीच्या आवारात वाकून पाहिलं, तर सायलेन्सरच्या मागच्या डब्यात पाइप शिरतो त्या जोडालाच भोक. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर पत्र्याचा पापुद्रा आत गेला. अशा डब्याला वेल्डिंग मारून घेऊ नका. पत्राच उरलेला नसतो, वेल्डिंग धरणार कशाला?

डबा आतून सडतो. लिटरभर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. आमची गाडी रोज फक्त स्टेशनपर्यंत जाते. तेवढ्यात डबा तापत नाही, वाफेचं पाणी आतच साचतं. त्यात मुंबईची खारी हवा.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर डबा मिळाला. जाताना मॉडेल, साल आणि जुन्या जोडाचा फोटो न्या. जोडात बसणारं पॅकिंग, डबा टांगायची रबरं, नट-बोल्ट नवेच घ्या. एकदा दबलेलं पॅकिंग पुन्हा नीट बसत नाही.

आदल्या रात्री, गाडी थंड झाल्यावर, बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी गाडी सपाट जागी घ्या. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या: हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो आणि आपण उचलणार मागचीच चाकं. म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. जॅकने उचलून गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, टेकवा. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर उभ्या गाडीखाली जाऊ नका, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. डोळ्यांना गॉगल हवाच, गंज सरळ तोंडावर पडतो.

बोल्ट एका दमात सोडवू नका. थोडा सैल, थोडा घट्ट, पुन्हा सैल, असं करत गंज मोकळा होतो. नाहीच हलला तर हॅक्सॉने कापा. डब्याखाली आधार देऊन शेवटी रबरं काढा. साबणाचं पाणी लावलं की सरकतात.

नवा डबा आधी रबरांवर टांगा. जोडात पॅकिंग घालून बोल्ट हातानेच फिरवा. डबा हलवून बघा, कुठे घासायला नको. मगच दोन्ही बोल्ट आळीपाळीने आवळा.

गाडी खाली उतरवली, न्यूट्रल करून हँडब्रेक ओढला आणि उघड्यावरच सुरू केली. मी ओला फडका क्षणभर पाइपच्या तोंडाशी धरला, म्हणजे कुठे गळत असेल तर तिथून आवाज येतो. मुलगी जोडाच्या बाजूला कान देऊन उभी होती. म्हणाली, "आई, इथून फुसफुसतंय." एक बोल्ट तिरका बसला होता. गाडी बंद करून, थंड होऊ देऊन, पुन्हा घोड्यांवर घेऊन तो सरळ केला. ही फुसफुस सोडून देऊ नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तो खालून गाडीच्या आत शिरू शकतो.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) आणि सेन्सरकडचा पुढचा भाग मात्र गॅरेजवाल्याकडेच द्या.

दोन दिवसांनी थंड गाडीला पुन्हा पाना लावला. दोन्ही बोल्टनी पाव-पाव आटा घेतला.