पावसाळ्यात कोंबडीची पिल्ले वाटायची असतील तर आधी सहा आठवडे एकत्र वाढवा

तंगीत असलेल्या कुटुंबाला हातभार म्हणून एक दिवसाची दहा-वीस पिल्ले द्यायची, हा प्रकार ऐन पावसाळ्यात सहसा फसतो. गळके छप्पर, ओली जमीन, जाणारी वीज, आणि पिल्लाला पहिले तीन-चार आठवडे स्वतःच्या अंगाची ऊब पुरेशी राखता येत नाही. पिल्ले उपाशी मरत नाहीत, गारठून मरतात. त्यापेक्षा वस्तीतल्या एका कोरड्या, वीज असलेल्या घरात शंभर पिल्ले सहा आठवड्यांपर्यंत वाढवावीत आणि लसी झाल्यावर घरटी दहा द्यावीत. शंभरच का? लसीची लहान कुपी बहुधा शंभर मात्रांची असते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. दहा पिल्लांसाठी ती फोडणे कुणालाच परवडत नाही, म्हणून सुट्या घरांतल्या कोंबड्या लसीविनाच राहतात.

खोली दहा बाय दहा फुटांची पुरते. पिल्ले येण्याच्या आदल्या दिवशी भाताचे तूस दोन इंच पसरून वर कागद अंथरा. तिसऱ्या दिवशी कागद काढून टाका. पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे दीड फूट उंचीचे गोल कडे करा, व्यास सहा फूट, आणि दर दोन-तीन दिवसांनी ते वाढवत न्या. चौकोनी कडे नको, कोपऱ्यात पिल्ले एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. ऊब पिल्लामागे दोन वॅट, म्हणजे शंभर वॅटचे जुन्या पद्धतीचे दोन बल्ब. एलईडी लावू नका, त्याचा उजेड पडतो पण ऊब मिळत नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीला ३२ ते ३५ अंश सेल्सिअस, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटर नसला तर पिल्लेच सांगतात: बल्बखाली गोळा होऊन चिवचिवत असली तर थंडी, कड्याला चिकटून चोच उघडी टाकत असली तर उष्मा, सगळीकडे विखुरलेली असली तर ठीक. वीज गेली तर पाच लिटरच्या कॅनमध्ये गरम पाणी भरून, गोणपाटात गुंडाळून मध्ये ठेवा. शेगडी ठेवलीच तर निखारे पूर्ण लाल झालेले हवेत आणि वरचा झरोका उघडा हवा. बंद खोलीतल्या कोळशाच्या वायूने पिल्लेच काय, माणसेही दगावतात.

आल्याबरोबर आधी कोमट पाणी, मग खाद्य. पाण्याच्या भांड्यात खडे टाका, म्हणजे पिल्ले बुडणार नाहीत. संध्याकाळी पाच-सहा पिल्ले उचलून गळ्याखालची अन्नाची पिशवी चाचपा. ती मऊ आणि भरलेली लागली पाहिजे. रिकामी लागली तर ऊब किंवा उजेड कमी पडतोय, किंवा पिल्लाला भांडे सापडलेले नाही. सहा आठवड्यांत एक पिल्लू साधारण एक ते सव्वा किलो खाद्य खाते, पण शंभराचे सगळे खाद्य एकदम आणू नका. पावसाळी हवेत पोत्याच्या तळाशी बुरशी धरते. गाठी झालेला मका किंवा कुबट वासाची पेंड ‘कोंबड्यांना चालते’ म्हणून टाकतात, ते मुळीच चालत नाही. बुरशीच्या विषाने यकृत खराब होते आणि लसही नीट लागू पडत नाही.

खरे लक्ष द्यायचे ते तुसाकडे. मूठभर तूस घट्ट दाबून सोडा. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त, भुसभुशीत सुटले तर बरोबर. रोज वर-खाली करा, पाण्याच्या भांड्याभोवतीचे ओले तूस काढून नवे टाका. उबदार ओल्या तुसात रक्ती हगवणीचे जंतू एक-दोन दिवसांतच लागण करण्याजोगे होतात. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात विष्ठेत रक्त दिसले, पिल्ले पंख पाडून बसली, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाकडून औषध घ्या आणि तूस बदला.

लसी: सातव्या दिवशी मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची (लसीचे नाव लासोटा), चौदाव्या दिवशी गंबोरोची (पिल्लांची रोगप्रतिकारशक्ती खचवणारा विषाणूचा रोग), अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा लासोटा, सहाव्या आठवड्यात देवीची. तुमच्या भागातले पशुवैद्यक वेळापत्रक बदलून देतील तर त्यांचे ऐका. लस बर्फाच्या डब्यातूनच आणा. लासोटाचा एक थेंब डोळ्यात टाकल्यावर पिल्लू लगेच सोडू नका, पापणी मिटून थेंब आत जाईपर्यंत धरा. घाईत निम्मे थेंब गालावरून ओघळतात आणि लस ‘देऊनही’ मर येते. आजारी पिल्लांना लस नको.

वाटपापूर्वी प्रत्येक घरचे खुराडे पाहून या. दहा कोंबड्यांना चार बाय पाच फूट, जमिनीपासून दोन फूट उंच, छपराची वळचण अडीच-तीन फूट पुढे आलेली, जाळी अर्ध्या इंचाची. मोठ्या भोकाच्या जाळीतून मुंगूस आणि उंदीर आत शिरतात. खुराडे तयार नसेल तर त्या घरची पिल्ले थांबवून ठेवा, यात भीड नको. घरच्या जुन्या कोंबड्यांत नवी दोन आठवडे मिसळू नका. आठव्या आठवड्यात मानमोडीची टोचायची लस (आर-टू-बी) सगळ्या घरी एकाच दिवशी द्या. बाहेर चरून आल्यावर संध्याकाळी कोंबडीमागे ३० ते ५० ग्रॅम कोरडे धान्य पुरते. हाकेला परत येण्याची सवयही त्यानेच लागते.

मान वाकडी, हिरवी हगवण, धाप, आणि एकामागून एक मर दिसली तर पक्षी विकायची घाई करू नका, बाजारातून रोग पुढच्या गावात जातो. पशुवैद्यकाला कळवा, उरलेल्या कोंबड्या कोंडून ठेवा. मेलेले पक्षी तीन फूट खड्ड्यात चुना टाकून पुरा, ओढ्यात किंवा उकिरड्यावर नको.