परदेशातून बडोद्यात येऊन आपले कौशल्य द्यायचे असेल तर

डिसेंबर लागला की दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या मराठी घरांत परदेशस्थ मुले-सुना उतरू लागतात, आणि त्यांतील एखादा हमखास विचारतो, "माझ्या कामाचा इथे काही उपयोग होईल का?" उपयोग होतो, मात्र त्याची तयारी तिकीट काढण्याच्याही आधी सुरू करावी लागते.

प्रथम संस्थेची अडचण ऐकून घ्यावी, आणि ती अध्यक्षांकडून नव्हे, तर रोज टेबलाशी बसणाऱ्या माणसाकडून. आमच्या लहानशा वाचनालयात नेमके उलटे घडले. एका हुशार संगणक अभियंत्याने पंधरा दिवसांत पुस्तकांच्या देवघेवीची देखणी प्रणाली उभी केली, पण पुस्तकांची नावे रोमन लिपीत टाइप करावी लागत. ‘ज्ञानेश्वरी’ कोणी ‘डी’खाली नोंदवली, कोणी ‘जी’खाली, आणि पासवर्ड तर त्याच्याबरोबरच परत गेला. फेब्रुवारीत जुने दाखल रजिस्टर पुन्हा टेबलावर आले. दोष त्याच्या एकट्याचा नव्हता. पाहुण्याला ‘हे आम्हाला जमणार नाही’ असे सांगण्याचा संकोच आम्हालाच सुटला नाही.

याच शहरात हे काम पूर्वी नीट झालेले आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालांना बोलावले. ते सुमारे तीन वर्षेच राहिले, परंतु त्यांनी इथल्या माणसांना शिकवण्यासाठी ग्रंथपालनाचा वर्ग काढला, आणि म्हणूनच ते गेल्यावरही संस्थानातील वाचनालये चालत राहिली. आपल्या हाती तीन वर्षे नसून फार तर तीन आठवडे असतात. तेव्हा पहिल्या दिवसापासून इथली एक व्यक्ती शेजारी बसवावी, दुसऱ्या आठवड्यात सगळे तिच्या हातून करून घ्यावे, आणि शेवटच्या आठवड्यात आपण कळफलकाला हातही लावू नये. टिपणे मराठीबरोबर गुजरातीतही असावीत, कारण पुढचा कर्मचारी बहुधा गुजराती असेल.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष करू नये. ओसीआय कार्डधारकांना (म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या, ‘भारताचे परदेशस्थ नागरिक’ असे कार्ड असलेल्या मूळ भारतीयांना) संशोधन किंवा पत्रकारितेसाठी विशेष परवानगी लागते, तेव्हा घरोघरी जाऊन माहिती गोळा करण्याचा बेत असेल तर आधी विचारून घ्यावे. ई-पर्यटक व्हिसावर विनामोबदला सेवा जास्तीत जास्त एक महिना करता येते. परदेशी नागरिकाने संस्थेला पैसे किंवा लॅपटॉप द्यायचे झाल्यास ती संस्था परकीय अंशदान नियमन कायद्याखाली नोंदलेली आहे का, हे पाहावे. भारतीय पारपत्र असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी मात्र परकीय अंशदान ठरत नाही. डॉक्टरांनी इथल्या नोंदणीशिवाय रुग्ण तपासू नयेत.

शाळेत काम करायचे असेल तर दिवाळीची सुट्टी आणि मार्चच्या आसपासच्या बोर्डाच्या परीक्षा टाळाव्यात. १४ आणि १५ जानेवारीला तर उत्तरायणाचे पतंग उडवायला सारे शहर गच्चीवर असते. त्या दिवशी बैठक ठेवणारा बडोद्याचा नव्हेच.

परतल्यावर दर पंधरवड्याला एक वेळ ठरवून फोन करावा. बडोद्यात रविवारी सकाळचे नऊ वाजतात तेव्हा हिवाळ्यात न्यू जर्सीत शनिवारी रात्रीचे साडेदहा झालेले असतात. दोन्हीकडे सोयीची अशी ही वेळ आहे, आणि ग्रंथपाल बाईंचा चहाही तोवर झालेला असतो.